निंबाळकर घराणे

निंबाळकर घराणे : महाराष्ट्रातील एक जुने सरदार घराणे. ‘नाईक-निंबाळकर’ असेही त्याचे नाव आढळते. घराण्याची मूळ गादी सातारा जिल्ह्यातील फलटण येथे होती. त्याच्या शाखा व त्यांच्या जहागिरी करमाळा (सोलापूर जिल्हा), खर्डा (अहिल्यानगर जिल्हा), निपाणी (आता कर्नाटकातील बेळगाव जिल्हा) आणि पूर्वीचे हैदराबाद संस्थान येथे पसरल्या होत्या. बहमनी काळापूर्वीपासून १९४८ पर्यंत एकाच भूप्रदेशाशी निगडित राहिलेली घराणी महाराष्ट्रात थोडी असून त्यांत फलटणच्या निंबाळकरांचा अंतर्भाव होतो. या दीर्घ काळात या आडनावाच्या व्यक्ती आदिलशाही, मोगल, निजाम, छत्रपती, पेशवे व इंग्रज या सर्वांच्या पदरी दिसतात. पुष्कळदा एकाच युद्धात निंबाळकर दोन्ही बाजूंना असत. या वरवर विसंगत वाटणाऱ्या वर्तनाचा उलगडा वतनाच्या कल्पनेतून होतो.

नाव व उत्पत्ती : घराण्याचे मूळ आडनाव पवार असून ते माळव्यातील परमारांचे वंशज होत, अशी घराण्याची परंपरा आहे. माळव्यातून दक्षिणेत आलेला पूर्वज फलटणजवळील निंबळक या गावी स्थायिक झाला व गावाच्या नावावरून निंबाळकर हे आडनाव रूढ झाले. गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय लावून आडनाव बनविण्याची ही पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. निंबळक नावाचे गाव अहिल्यानगरजवळही आहे. त्यामुळे निंबाळकर आडनावाचे प्रत्येक कुटुंब फलटणच्या घराण्यातील असतेच, असे नाही.

घराण्याच्या वृत्तांतानुसार पोडखळा जगदेव हा दिल्लीच्या सुलतानाच्या सेवेत असता १३२७ मध्ये लढाईत मारला गेला. तेव्हा मुहम्मद तुघलकाने त्याचा पुत्र निंबराज यास ‘नाईक’ हा किताब व जहागीर दिली. पुढे आदिलशाहीत घराण्याकडे फलटण परगण्याची देशमुखी आली. जावळीचे मोरे, घाटगे, माने, घोरपडे, डफळे, सावंत इ. मराठा घराण्यांबरोबर फलटणकरांची गणना आदिलशाहीच्या प्रमुख सरदारांत होत असे. इतर घराण्यांनी ‘राजे’, ‘राव’ असे किताब मिळविले, तरी फलटणकरांनी ‘नाईक’ ही जुनी उपाधी सोडली नाही, याची नोंद मराठ्यांचा इतिहासकार ग्रँट डफ याने आवर्जून केली आहे. ‘राजा’ हा वंशपरंपरागत किताब त्यांना मिळाला तो थेट १९३६ मध्ये.

नीरा खोरे व भोसले-निंबाळकर संबंध : फलटण परगणा नीरा नदीच्या दक्षिणेस, तर सुपे, बारामती व इंदापूर हा मुलूख तिच्या उत्तरेस आहे. इंदापूर तालुक्यातील निरवांगी, निमसाखर ही गावे नीरेच्या उत्तर खोऱ्यातील होत. आजही आषाढी वारीत ज्ञानेश्वरांची पालखी नदीच्या दक्षिणेकडून फलटण-नातेपुतेमार्गे आणि तुकारामांची पालखी उत्तरेकडून बारामती-इंदापूरमार्गे पंढरपुराकडे जाते. पावसाळा सोडल्यास नदी उतरून पलीकडे जाणे अवघड नव्हते. त्यामुळे दोन्ही काठांवरील वतनदारांचा शेती, जत्रा व सोयरिकी यांच्या निमित्ताने नित्य संबंध येई. राजकीय दृष्ट्या मात्र ही नदी अनेकदा सीमारेषा ठरली. सतराव्या शतकाच्या आरंभी तिच्या उत्तरेस निजामशाहीचा अंमल होता, तर दक्षिणेस आदिलशाहीचा.

निजामशाहीने पुणे व सुपे परगणे मालोजी भोसले यास जहागिरीदाखल दिले होते. भोसल्यांचे श्रद्धास्थान शिखर शिंगणापूर हे नीरेच्या दक्षिणेस, फलटण मुलखालगत आहे. मालोजीची पत्नी दीपाबाई (उमाबाई) ही फलटणच्या निंबाळकरांची कन्या होती. तिचा भाऊ जगपाळराव किंवा वणंगपाळ हा त्या काळातील नामांकित योद्धा असून त्याच्या दराऱ्याची आठवण एका प्रसिद्ध लोकोक्तीत टिकून राहिली आहे. मालोजी इंदापूर येथे लढाईत पडला. शहाजी राजे हे दीपाबाईचे पुत्र असल्याने छत्रपती शिवाजी महाराजांच्या आजीचे माहेर फलटण होते.

हा संबंध पुढच्या पिढ्यांत दृढ झाला. मुधोजी नाईक-निंबाळकर याची कन्या सईबाई यांचा विवाह १६४० मध्ये पुणे येथे शिवाजी महाराजांशी झाला. सखूबाई, राणूबाई व अंबिकाबाई या कन्या आणि संभाजी महाराज ही त्यांची अपत्ये. संभाजी महाराजांचा जन्म १६५७ मध्ये पुरंदर किल्ल्यावर झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, ५ सप्टेंबर १६५९ रोजी, सईबाई राजगड येथे मृत्यू पावल्या. अफजलखान त्या वेळी स्वराज्यावर चालून आला होता. राजगडाच्या पायथ्याशी पाल येथे त्यांची समाधी दाखविली जाते.

बजाजी नाईक : सईबाईंचा भाऊ बजाजी याचे चरित्र या घराण्याच्या अडचणीचे स्वरूप स्पष्ट करते. फलटणची देशमुखी विजापूरच्या सनदेवर अवलंबून होती आणि सोयरीक मात्र विजापूरशी वैर धरणाऱ्या भोसल्यांशी होती. परंपरेप्रमाणे आदिलशाही दरबाराने बजाजीस धर्मांतर करावयास लावून त्याचे वतन त्याच्याकडे चालू ठेवले. पुढे जिजाबाईंच्या पुढाकाराने त्यास पुन्हा स्वधर्मात घेण्यात आले. या घटनांच्या कालाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु शुद्धीनंतर समाजाने बजाजीस खऱ्या अर्थाने स्वीकारावे, यासाठी योजलेला उपाय निश्चित स्वरूपाचा आहे. शिवाजी महाराजांनी आपली ज्येष्ठ कन्या सखूबाई बजाजीचा पुत्र महादजी यास दिली आणि पुरंदर परिसरातील वाल्हे या गावची पाटीलकी त्यास दिली. धर्मशास्त्राच्या निर्णयापेक्षा रोटीबेटीचा व्यवहार अधिक परिणामकारक ठरतो, हे या संबंधावरून दिसते. १६७६ मध्ये नेताजी पालकर यास स्वधर्मात परत घेण्यात आले, तेव्हा हे उदाहरण जुने झाले होते.

सोयरीक झाली, तरी वतनाचे बंधन सुटले नाही. १६५९ मध्ये अफजलखानाने बजाजीस कैद केले व त्याच्या सुटकेसाठी शिवाजी महाराजांना मध्यस्थांमार्फत खटपट करावी लागली. पुरंदरच्या तहानंतर (१६६५) महाराज मिर्झा राजा जयसिंगाबरोबर विजापूरवर चालून गेले. त्या मोहिमेत डिसेंबर १६६५ मध्ये मराठ्यांच्या फौजांनी फलटण व जवळचा ताथवड्याचा किल्ला (संतोषगड) ही आदिलशाही ठाणी घेतली. अशा रीतीने सासुरवाडीचे ठाणे जावयाच्याच सैन्याने जिंकले. या प्रसंगाने दोन्ही घराण्यांचे नाते तुटले नाही. वतनदाराने ज्याचा अंमल असेल त्याची चाकरी करावी, ही गोष्ट त्या काळी गृहीत धरलेली होती.

वतन व निष्ठा : देशमुखी वतन म्हणजे परगण्याच्या वसुलावर व व्यवस्थेवर असलेला वंशपरंपरागत हक्क. सुलतान बदलला, तरी देशमुख बदलत नसे. रयतेची माहिती, जमिनीचे मोजमाप, वसुलीची पद्धत व भांडणांचे निवाडे त्याच्या हाती असत, म्हणून नव्या राज्यकर्त्यासही त्याची गरज भासे. उलटपक्षी, सनद नूतन करून न घेतल्यास भाऊबंदांपैकी कोणी दुसरा ती मिळवील, ही भीती देशमुखास कायम असे. त्यामुळे घराण्याच्या शाखा वेगवेगळ्या दरबारी राहणे हे पुष्कळदा फुटीचे लक्षण नसून वतनरक्षणाचा मार्ग असे. कोणताही पक्ष जिंकला, तरी घराण्यातील कोणीतरी विजेत्याच्या बाजूस उरे. निंबाळकरांपैकी कोणास स्वामिनिष्ठ व कोणास द्रोही ठरविताना आधुनिक राष्ट्रनिष्ठेची कसोटी लावल्यास त्यांच्या वर्तनाचा अर्थ हाती लागत नाही. तथापि या व्यवस्थेची किंमतही मोठी होती. वतनदारांना हाताशी धरून दक्षिणेत पाय रोवणे मोगलांना व पुढे निजामास त्यामुळेच सोपे गेले. शिवाजी महाराजांचे धोरण वतनदारांची सत्ता मर्यादित करण्याकडे झुकले, त्याचेही हे एक कारण होते.

या कलहातील कटुतेचे उदाहरण राजाराम महाराजांच्या काळात मिळते. जिंजीच्या वेढ्याच्या अखेरच्या वर्षांत सेनापती संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्यात वितुष्ट आले आणि अमृतराव निंबाळकर हा धनाजीच्या पक्षास मिळाला. संताजीने त्यास पकडून हत्तीच्या पायी दिले, असे सांगतात. त्याची बहीण म्हसवडच्या नागोजी माने याची पत्नी होती. भावाच्या मृत्यूचा सूड म्हणून नागोजीने १६९७ मध्ये संताजीस मारले, असा परंपरागत वृत्तांत आहे. सोयरिकीच्या ज्या जाळ्याने ही घराणी एकत्र बांधली गेली होती, त्याच जाळ्यातून वैरेही पिढ्यान्‌पिढ्या चालत.

करमाळा व खर्डा शाखा : शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१७०७–४९) घराण्याच्या काही शाखा मराठा राज्यापासून दुरावल्या. हैबतराव निंबाळकर हा शाहूंचा सरलष्कर होता. त्याच्या मागून हे पद भूषविणारा सुलतानजी निंबाळकर पुढे निजामास मिळाला. चंद्रसेन जाधवाबरोबर निजामाकडे गेलेल्या रंभाजी निंबाळकराची जहागीर आरंभी पुण्याच्या आसपास होती. छत्रपतींच्या मुलखाच्या मध्यभागी निजामाचा जहागीरदार असणे दोन्ही पक्षांना त्रासदायक होते. म्हणून तीबद्दल त्यास करमाळ्याकडील प्रदेश देण्यात आला. ‘रावरंभा’ हा त्याचा किताब पुढे शाखेचे नाव बनला. करमाळ्याचा भुईकोट किल्ला व कमलाभवानीचे मंदिर ही या शाखेची बांधकामे होत. किल्ल्याचे काम रंभाजीने सुरू केले व त्याचा पुत्र जानोजी याने ते पूर्ण केले. दाक्षिणात्य वळणाची गोपुरे आणि अनेक स्तंभ असलेले कमलाभवानीचे मंदिर अठराव्या शतकातील मराठा सरदारांच्या वास्तुरुचीचा चांगला नमुना आहे. हैदराबाद दरबारच्या मराठा उमरावांत रावरंभा घराण्याचे स्थान दीर्घकाळ टिकले.

खर्डा (जामखेड तालुका) हे निजामाच्या पदरी असलेल्या दुसऱ्या शाखेचे ठाणे होते. तेथील भुईकोट किल्ला सुलतानजी निंबाळकराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला. ११ मार्च १७९५ रोजी येथील रणभूमीवर पेशव्यांच्या नेतृत्वाखाली एकत्र झालेल्या मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा निजामाने याच किल्ल्याचा आश्रय घेतला. मराठा सरदारांनी एकत्र येऊन मिळविलेला हा शेवटचा मोठा विजय निजामाच्या एका मराठा सरदाराच्या किल्ल्यापाशी झाला, ही वस्तुस्थिती अठराव्या शतकातील दख्खनच्या राजकारणाचे यथार्थ दर्शन घडविते.

निपाणी शाखा : निपाणीच्या शाखेतील सिधोजीराव निंबाळकर हा ‘आप्पा देसाई निपाणकर’ या नावाने प्रसिद्ध आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यास सरलष्कर हे पद मिळाले. चिकोडी व मनोळी या तालुक्यांसाठी त्याने कोल्हापूरकरांशी दीर्घ झगडा केला आणि १८१२ मध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीने कोल्हापूरकरांना त्यांवरील हक्क सोडावा लागला. अखेरच्या इंग्रज-मराठे युद्धात (१८१७–१८) तो बाजीरावाबरोबर राहिला. मात्र त्याने इंग्रजांविरुद्ध विशेष हालचाल केली नाही. युद्धानंतर त्याची जहागीर राहिली, पण चिकोडी व मनोळी हे तालुके कोल्हापूरकडे गेले. १८३९ मध्ये सिधोजीराव औरस पुत्रावाचून मरण पावला आणि त्याची जहागीर इंग्रजांनी खालसा केली.

फलटण संस्थान : मूळ फलटण शाखा पेशवाईत सरंजामी चाकरी करून टिकून राहिली. फलटण येथील राममंदिर व रथोत्सव यांची ख्याती त्या काळापासूनची आहे. पेशवाईच्या अस्तानंतर साताऱ्यास छत्रपतींचे छोटे राज्य निर्माण करण्यात आले व फलटण हे अक्कलकोट, औंध, भोर आणि जत यांच्याप्रमाणे साताऱ्याच्या मांडलिक जहागिरींपैकी एक झाले. त्यानंतरचा काळ घराण्याच्या दृष्टीने आणीबाणीचा होता. १८२५ मध्ये जानराव मरण पावताच साताऱ्याच्या महाराजांनी जहागीर जप्त केली. १८२७ मध्ये ३०,००० रुपये नजराणा घेऊन ती बजाजी नाईक (दुसरे) यांस परत करण्यात आली. पुढच्याच वर्षी बजाजी वारले व जहागीर पुन्हा जप्त झाली. ती १८४१ पर्यंत साताऱ्याकडेच होती. १८४१ मध्ये बजाजींच्या विधवा पत्नीस, पुन्हा ३०,००० रुपये नजराणा घेऊन, दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. हा दत्तक पुत्र म्हणजे मुधोजीराव.

निपाणी व फलटण या दोन शाखांची या वर्षांतील तुलना उद्‌बोधक आहे. दोन्ही ठिकाणी औरस वारस नव्हता. निपाणीची जहागीर इंग्रजांच्या थेट अधीन असल्याने ती खालसा झाली. फलटणची अधिसत्ता साताऱ्याकडे असल्याने तिला नजराण्याच्या मोबदल्यात दत्तक मिळाला. पुढे १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब औरस वारसावाचून वारले, तेव्हा इंग्रजांनी त्यांचा दत्तक नामंजूर करून खुद्द सातारा राज्य खालसा केले. फलटणच्या दत्तकास मान्यता देणारे राज्य नष्ट झाले, पण त्या मान्यतेवर उभे असलेले फलटण मात्र १८४९ पासून इंग्रजांचे मांडलिक संस्थान म्हणून टिकले.

मुधोजीरावांची कारकीर्द (१८४१–१९१६) पंचाहत्तर वर्षांची झाली. १९०१ च्या जनगणनेच्या वेळी संस्थानाचे क्षेत्रफळ ३९७ चौ. मैल (सु. १,०२८ चौ. किमी.) व लोकसंख्या ४५,७३९ होती. संस्थानात फलटण हे एकच शहर व ७२ खेडी होती. प्रदेश अवर्षणप्रवण असल्याने दुष्काळ वारंवार पडत. नीरेच्या पलीकडील ब्रिटिश हद्दीत भाटघर धरणाच्या योजनेतील नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू होऊन बारामती-इंदापूर भागास पाणी मिळू लागले. फलटणकडील दक्षिण काठास मात्र उजव्या कालव्यासाठी पुढील शतकाची वाट पाहावी लागली. भाटघर येथील नवे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाल्यावर हा कालवा होऊन फलटण भागात ऊस व साखर कारखानदारी वाढली. साखरवाडी या गावाचे नावच या बदलाचे निदर्शक आहे.

मुधोजीरावांचे दत्तक पुत्र मालोजीराव (१८९६–१९७८) यांनी १९१७ मध्ये अधिकारसूत्रे हाती घेतली. त्यांनी शिक्षण, पाणीपुरवठा व प्रातिनिधिक कारभार यांकडे लक्ष दिले. ८ मार्च १९४८ रोजी फलटण मुंबई प्रांतात विलीन झाले व सातारा जिल्ह्याचा एक तालुका बनले. विलीनीकरणानंतर मालोजीराव काँग्रेसतर्फे लोकप्रतिनिधी झाले आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी सार्वजनिक बांधकाम खाते सांभाळले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १ डिसेंबर १९५५ रोजी फलटण येथे त्यांच्या वाड्यात झालेली बैठक राज्याच्या राजकारणात गाजली. महाराष्ट्रापेक्षा पंडित नेहरूंचे नेतृत्व आपणास महत्त्वाचे वाटते, या आशयाची यशवंतराव चव्हाण यांची भूमिका तेथे प्रकट झाली व तीवर कठोर टीका झाली. फलटण येथील मुधोजी महाविद्यालयाने (स्था. १९५७) मालोजीरावांच्या पूर्वसूरींचे नाव टिकविले आहे. घराण्यातील रामराजे नाईक-निंबाळकर हे २०१५ ते २०२२ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते.

क्रीडाक्षेत्र : विसाव्या शतकात या आडनावास राजकारणाबाहेरही कीर्ती लाभली. कोल्हापूर येथे जन्मलेले भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर (१२ डिसेंबर १९१९–११ डिसेंबर २०१२) यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. कमल भांडारकर यांच्याबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांच्या त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करण्यास नऊ धावा कमी असताना खेळ उपाहारासाठी थांबला. महाराष्ट्राची धावसंख्या तेव्हा ४ बाद ८२६ होती. काठेवाडच्या संघाने पुढे खेळण्याचे नाकारून सामना सोडून दिला. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील भारतीय खेळाडूची ही सर्वोच्च धावसंख्या होय. ८० प्रथम दर्जाचे सामने खेळूनही त्यांना अधिकृत कसोटी सामन्यात संधी मिळाली नाही. २००२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला.

मूल्यमापन : निंबाळकर घराण्याने स्वतंत्र राज्य स्थापले नाही व छत्रपती, शिंदे, होळकर यांच्याप्रमाणे दूरचे प्रदेशही जिंकले नाहीत. एका परगण्याचे वतन सांभाळणे, हेच त्याच्या प्रमुख शाखेचे सहाशे वर्षांचे उद्दिष्ट राहिले. त्याच्यापेक्षा बलाढ्य असलेल्या आदिलशाही, मोगलाई, पेशवाई व साताऱ्याचे छत्रपती या सत्ता लयास गेल्या, तरी फलटणचे वतन राहिले. दीपाबाई व सईबाई यांच्या द्वारा मराठा राज्याच्या संस्थापकांशी जडलेला रक्तसंबंध आणि त्याच आडनावाच्या सरदारांनी त्या राज्याशी केलेले युद्ध, या दोन्ही गोष्टी त्या वतननिष्ठेच्याच बाजू होत. वतनाचा आधार गेल्यावर आडनाव उरले. ते धारण करणारी कुटुंबे आज शेती, शिक्षण, राजकारण, शासकीय सेवा व इतर व्यवसायांत महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत.